आत्याच्या शिव्यांचा हंगाम

यंदा पुन्हा भोरड्या आल्या. अंबड मागे टाकून जीप घनसावंगीच्या रस्त्याला लागली, तेव्हा उसाच्या दोन फडांच्या मधोमध ज्वारीचा एक अरुंद पट्टा दिसला आणि त्यावर त्यांचा थवा. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची ती पाखरं एकदम उठायची, हवेतल्या हवेत वळायची आणि पुन्हा कणसांवर पसरायची. बांधावर एक माणूस पत्र्याचा डबा बडवत उभा होता. नुसताच बडवत होता, तोंडातून चकार शब्द नाही. मनात आलं, अशी कुठं राखण असते का? आणि लगेच माझं मलाच कसंतरी झालं. दुसऱ्याच्या गप्प राखणीला नावं ठेवायचा अधिकार मी केव्हाच गमावून बसलो आहे.

जीपमध्ये माझ्या शेजारी, म्हणजे खरं तर अर्धा माझ्या मांडीवर, एक गडी बसला होता. बराच वेळ तो मला निरखत होता. शेवटी राहवलं नाही त्याला.

"तुम्ही त्या शिव्या देणाऱ्या आत्याचे भाचे ना हो?"

मी मान हलवली. त्या व्हिडिओंत मी अधूनमधून शिव्या खायला असायचो, त्यामुळे माझंही तोंड लोकांच्या लक्षात राहिलं आहे.

"आता काहून येऊन न्हाई राह्यले व्हिडिओ? आमची माय लई पाहायची. हसून हसून ठसका लागायचा तिला. आत्या बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

खोटं नाही बोललो. आत्याची तब्येत ठणठणीत आहे. भाकरी थापते, दळण करते, वासराला पाणी पाजते. फक्त शिव्या देत नाही. पण हे जीपमध्ये कसं सांगायचं, आणि कुणाला? एखाद्या बाईचं तोंड सुधारलं, हे ऐकून कुणीही बरंच झालं म्हणेल. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हुरड्याचे दिवस आले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र तो एकच हंगाम आठवतो.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. परतूरकडे दिलेली होती. नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती माहेरी आली ती आलीच. हे माझ्या जन्माआधीचं. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्या घराच्या कोठीत झोपायची, ज्वारीच्या आणि गव्हाच्या पोत्यांच्या मधल्या जागेत. त्या कोठीला दार आहे, पण कडी बाहेरून. वडील वाईट नव्हते, आईही नव्हती. आत्याला कुणी कधी जा म्हटलं नाही. पण राहा, असंही कुणाला वेगळं म्हणावंसं वाटलं नाही, आणि ते ती विसरली नव्हती.

तिच्याजवळ स्वतःचं असं एकच होतं, तिचं तोंड. गावात म्हणायचे, शेवंताच्या तोंडाला लागू नये. दुसऱ्याच्या शेळ्या आमच्या रानात फिरकत नसत. एकदा उसाचा ट्रॅक्टर आमचा बांध मोडून आत घुसला होता. आत्या डोक्यावरची पाटी खाली ठेवून नुसती उभी राहिली आणि सुरू झाली. ड्रायव्हर घनसावंगीचा, चांगला मिशीवाला गडी. त्याने ट्रॅक्टर होता तसा मागे घेतला आणि जाता जाता "माय, चुकलं" म्हणून गेला. आई पदराआड हसत होती. माझ्या आईला ही नणंद काही फार गोड वाटायची असं नाही, पण त्या दिवशी तिने आत्याला आधी चहा दिला.

तिच्या शिव्यांना एक शिस्त होती. घाणेरडी शिवी ती देत नसे. आईबहिणीवर तर कधीच जात नसे. तिचं सगळं मरणाच्या आणि जाळाच्या भोवती फिरायचं. "तुहा मुडदा बशिवला," "तुला पटकी आली," "तुह्या चोचीत जाळ भरला." आमच्याकडे शिवी भूतकाळात देतात, म्हणजे काम होऊन गेल्यासारखी. आणि तीच शिवी ती मायेने पण द्यायची. शाळेतून उशिरा आलो की दारातच म्हणायची, "मुडद्या, कुठं मेल्ता? भाकर वाळून गेली ना." त्यात मुडदा कुठं आणि भाकर कुठं, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

पहिला व्हिडिओ मी सहज काढला. जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात मी नोकरीला होतो, सुट्टीला गावी आलो होतो. आमच्या त्या वर्षीच्या थोड्याशा ज्वारीत आत्या माळ्यावर उभी होती. माळा म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला, राखणदाराला उभं राहायला. हातात अंबाडीच्या दोरीची गोफण. राघूंचा थवा उतरला की ती गोफण फिरवायची, दगड थव्याच्या वरून सणसणत जायचा आणि त्याच्या मागोमाग तिचा आवाज.

"खाय! खाय माहं रगत! तुह्या बापानं पेरलं व्हतं का रं, हिरव्या? सासरी नांदायला गेली आन तिथून बी दाणे चोरले तुह्या मायनं! तुहा मुडदा बशिवला राघूच्या!"

गोफणीचा दगड एखाद्या पाखराला लागलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ती मुद्दाम वरून मारायची. "आवाजानं उडतेत ते. दगड लागला तर पाप माह्या माथी," म्हणायची. तो व्हिडिओ मी टाकला आणि पंधरवड्यात माझ्या गोदामातला प्रत्येक माणूस "तुह्या बापानं पेरलं व्हतं का" म्हणू लागला. मग कापूस वेचताना, मिरच्या वाळवताना, रेशनच्या रांगेतून आल्यावर, मी आत्याला बोलायला लावत गेलो. पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी लिहायची, की मी रोज डबा खाताना आत्यांना लावून ठेवते, एकटीने जेवल्यासारखं वाटत नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा आत्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तिला म्हणा, पोट भरून खाय गं मुडदे." ते मी तसंच लिहिलं. त्या मुलीने उत्तरादाखल रडणारे चेहरे पाठवले.

बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं म्हणतात. आत्याचं बोलणंच विकलं जाऊ लागलं. जाहिरातींचे पैसे माझ्या खात्यावर यायला लागले, नियमाने, महिन्याच्या महिन्याला. मी नोकरी सोडली. आत्याला राजूरला नेलं, गणपतीपुढे नारळ फोडला. दर्शनाच्या रांगेत एक बाबा मधेच घुसला तर आत्याने त्याला असं काही सुनावलं की आजूबाजूच्या बायांनी तिला ओळखलं आणि फोटो काढून घेतले. येताना बसस्टँडवर उसाचा रस पीत ती मला म्हणाली, "सुन्या, मला एक खोली बांधून दे. लई मोठी नगं. आतून कडी लावता आली पायजे."

मी म्हटलं, देतो.

जागा होती. मारुतीच्या पाराजवळ आजोबांची एक छोटी जागा, त्यांनी जाता जाता "ही शेवंताची" असं सगळ्यांसमोर सांगितलेली. कागद काही झाला नाही. वडील मानत होते, गाव मानत होतं. शेजारी वडिलांचे चुलतभाऊ, बबनकाका. त्यांचा गोठा आणि त्यांची नजर, दोन्ही त्या जागेला चिकटून. एकदा त्यांनी तिथे खताचा ढीग टाकायला घेतला होता. आत्या जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत ढीग उचलला गेला. कागदाचं काम तिच्या तोंडानेच चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं. पावसाळा सरल्यावर तिथे आम्ही पाया खोदला.

आता तो हंगाम, जो दरवर्षी मला गाठतो.

त्या वर्षी मी फक्त व्हिडिओंच्या चॅनेलसाठी ज्वारी पेरली. हा मूर्खपणा दुसरा कुणी करणार नाही. आमच्या शिवारात ऊस, कापूस आणि मोसंबी. ज्वारी कुणी लावत नाही, कारण एकट्याने लावली की सगळ्या मुलखाची पाखरं त्याच्यावरच येतात. वडील म्हणाले, "एकट्याच्या ज्वारीला पाखरं पाव्हणी म्हणून येत न्हाईत. घरजावई होऊन बसतेत." मला तेच हवं होतं. जितकी पाखरं, तितक्या शिव्या. ज्वारी पिकली काय आणि न पिकली काय, मला पीक दुसरंच काढायचं होतं.

आणि काय पाखरं आली! सकाळी दव पडलेलं असायचं, कणसं ओली, हवा अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. चिमण्या आधी, मग राघू, मग ऊन जरा वर आलं की भोरड्या. आत्या डोक्याला मफलर गुंडाळून माळ्यावर चढायची. दुपारी आम्ही आगटी पेटवायचो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. आईने केलेली लसणाची चटणी, गूळ, बांधावरची बोरं. हुरडा चोळून चोळून आत्याचे तळहात काळे व्हायचे आणि त्याच हातांनी ती माझ्या गालाला चिमटा काढायची. ते दिवस सुखाचे होते, हे मी नाकारणार नाही. पाप लागायचं असेल तर त्याचंही लागो.

अशाच एका दुपारी मला ते पिवळं चिन्ह दिसलं. प्रत्येक व्हिडिओपुढे पैशाचं एक चिन्ह असतं. हिरवं असेल तर जाहिराती लागतात. पिवळं झालं की व्हिडिओ लोकांना दिसतो, पण त्याची कमाई नावापुरती. आमचा नवा व्हिडिओ पिवळा. खाली एक ओळ, की हा मजकूर बहुतेक जाहिरातदारांसाठी योग्य नाही. कोणता मजकूर? कोणता शब्द? ते नाही. हे सगळं मशीन ठरवतं. ते ऐकतं, पाहतं आणि निकाल देतं, कारण मात्र सांगत नाही. फेरतपासणीचं बटण दाबलं तर चहा निवायच्या आत उत्तर आलं, की आम्ही पुन्हा पाहिलं, निर्णय तोच.

आमच्या घरात दुखणी लागोपाठ आली की आई विचार करत बसायची, कोणत्या देवाचं राहिलं? कुणाचा नैवेद्य चुकला? मग अंदाजानेच एकेकाला नारळ द्यायची. मी तसंच केलं. मला वाटलं, मुडदा असेल. मुडदा कापला. पुढचा व्हिडिओ तरी पिवळा. मग मढं कापलं, जाळ कापला, रगत कापलं. कधी हिरवं व्हायचं, आणि मी म्हणायचो, बघा, जाळच होता. पुढच्याला जाळ नसूनही पिवळं. मग वाटलं, गोफण असेल. मुक्या पाखरांना दगड मारताना दिसते ना. त्या मशीनला काय माहीत, दगड वरून जातो.

कापून कापून व्हिडिओ इतके तुटक व्हायला लागले की आत्या उचकी लागल्यासारखी बोलते आहे असं वाटावं. तेव्हा मी तिलाच सांगितलं, की काही शब्द बोलायचे नाहीत.

ती माळ्यावरून खाली वाकून माझ्याकडे बघत राहिली. "मंग काय म्हणू? या बसा, चहा घेता का, असं म्हणू भोरड्यांला?"

"तसं नाही गं. जरा सौम्य."

"सौम्य म्हंजे?"

"मुडदा, मढं, जाळ, पटकी, हे नको. मारते म्हणू नको. मेला म्हणू नको."

"अरे, मंग राह्यलं काय?" ती हसली. आगटीजवळ बसलेली आईही हसली. मीही हसलो असेन.

"कोण म्हणून राह्यलं पण हे? त्याचं हापिस कुठं हाय? जालन्याला का? चल, मी येते. बोलते त्याच्यासंग बराबर."

"ऑफिस नाही आत्या. मशीन आहे ते."

"मंग त्या मशिनीचा मालक आसंल ना कुणी. त्यो बसतो कुठं?"

साखर कारखान्याने बिल अडवलं तर गेटवर जाऊन बसता येतं. वीज गेली तर लाइनमनच्या घरी जाऊन त्याच्या बायकोकडे तक्रार करता येते. इथे गेट नव्हतं, बायको नव्हती. आत्यासारख्या बाईला हे पटणंच शक्य नव्हतं, की आपला घास काढून घेणारा आहे, पण त्याच्या दारात उभं राहून बोंब मारता येत नाही. तिला पटलं नाही. पण पाया खोदून झाला होता, गवंडी जोतं बांधत होता. तिने माझं ऐकलं ते त्या खोलीसाठी. आणि मी सांगितलं ते माझ्या खात्यासाठी. दोन्ही एकच, असं मी तेव्हा मनाला समजावलं होतं.

ती शिकली. फार लवकर शिकली, याचंच वाईट वाटतं. चित्रण चालू असताना नको तो शब्द तिच्या तोंडात आला की मी कॅमेऱ्यामागून खाकरायचो. ती थांबायची, आवंढा गिळायची आणि दुसरं काहीतरी म्हणायची. मुडद्याच्या जागी बाळा. जाळ भरला याच्या जागी असू द्या. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग खाकरायची गरज उरली नाही, मी हात वर केला की पुरे. मग हातही नको. फोन समोर धरला की तिचा चेहरा बदलायचा, ओठ आवळले जायचे, पाहुणे आल्यावर लहान मुलं शहाण्यासारखी बसतात तशी. एकदा कोठीत ती ज्वारी पाखडत एकटीच पुटपुटत होती. मी कानोसा घेतला. ती सराव करत होती. "असू द्या. न्हाई बाळा. असू द्या." मला हसू आलं होतं. तेव्हा हसू आलं होतं, हे आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि तो राग काढायला माझ्याशिवाय दुसरा माणूस नाही.

गोफण मी माळ्याखाली ठेवून दिली होती. रिकाम्या हाताने आत्या वर उभी राहायची आणि भोरड्यांना सांगायची, "जा रे बाबांनो, पुरे आता." भोरड्या कशाला जातात! त्यांनी त्या हंगामात ज्वारी अशी खाल्ली की कणसांची नुसती रिकामी बुरकुंडी उरली. शेवटी हुरडा भाजायला दुसऱ्या गावाहून कणसं आणली आम्ही. वडील रानात यायचे, बघायचे आणि परत जायचे. आणि ज्यांनी आत्याला डोक्यावर घेतलं होतं ते लोक लिहू लागले, की आत्या बदलल्या, आत्यांना पैसा चढला. ती पुण्याची मुलगी लिहायची थांबली. मी हे काही आत्याला वाचून दाखवलं नाही. ती विचारायची, "त्या पोरीनं काई लिवलं का? जेवती का नीट?" मी म्हणायचो, लिहिलंय, बरी आहे.

मग संक्रांत झाली आणि मशीनने शेवटचा निकाल दिला. आमचे व्हिडिओ एकसारखे आणि तेच ते आहेत, म्हणून चॅनेलची सगळीच कमाई बंद. तेच ते! ज्या बाईने एक शिवी दुसऱ्यांदा तशीच कधी दिली नाही, तिला मी घासून घासून एकसारखं केलं होतं, आणि आता तोच गुन्हा ठरला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते शब्द नडत होते की नाही हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित मुडद्याचं कुणालाच काही नव्हतं. कदाचित माळ्याच्या फळ्या, कदाचित आगटीचा धूर, कदाचित काहीच नाही. मी अंदाजाने एका माणसाची जीभ तासत गेलो.

काही दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, असं त्या निकालात लिहिलं होतं. आत्याला मी तेवढंच सांगितलं. म्हटलं, नीट राहिलो तर पुन्हा चालू करतील. तिने मान हलवली. गवंडी जोत्यापर्यंत काम आणून दुसऱ्या गावी गेला. जोत्यावर विटांचा एक ढीग होता, त्यावर ती संध्याकाळी जाऊन बसायची. दार कुठं येणार ते बायांना दाखवायची.

आता मी जालन्यात लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडतो, दुकानांच्या जाहिराती करतो. बरं चाललं आहे. कुठं कापायचं हे मला चांगलं कळतं असं गिऱ्हाईक म्हणतात. हे मी कुणाच्या तोंडावर शिकलो, ते त्यांना माहीत नाही. आत्या कोठीतच झोपते. गावी गेलो की मी तिला म्हणतो, आता कॅमेरा नाही, काही नाही, दे की गं एखादी. ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघते. फोन तिथे असतो. मी तो काढून दुसऱ्या खोलीत ठेवून येतो, तरी ती म्हणते, "मोडली बाबा सवय. असू दे." परवा आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुन्या, घरात माणूस हाय का न्हाई, कळत न्हाई रे. शेळी पीठ खाऊन गेली तर तुही आत्या नुसती उभी राह्यली. मलाच वरडावं लागलं." इतकी वर्षं ज्या आवाजाचा आईला वैताग होता, तो आता तिला हवा आहे. मी काय देणार!

ती जीप घनसावंगीला पोचली. तो गडी उतरताना म्हणाला, "आत्यांला नमस्कार सांगा. म्हणा, टाका एखादा व्हिडिओ जल्दी." मी हो म्हटलं. तिथून गावापर्यंत दुसरी जीप मिळेपर्यंत मी स्टँडवर उभा राहिलो आणि जे आठवायचं नाही असं ठरवलं होतं ते सगळं आठवलं.

त्या वर्षीचा हंगाम संपत आला होता. ज्वारी काढून झाली होती, म्हणजे कडबाच काढला होता. उन्हाला तिखटपणा आला होता. मी कडब्याच्या पेंढ्या लावत होतो तेव्हा आईचा फोन आला, की बबनने जागेत खणायला घेतलंय, जल्दी ये. मोटरसायकल काढून मी निघालो. पाराजवळ पोचेपर्यंत अर्धा गाव जमला होता. बबनकाकांनी दोन मजूर लावून आत्याच्या जोत्याच्या आतून, चांगलं हातभर आतून, गोठ्याच्या भिंतीसाठी चर मारायला घेतला होता. अर्धवट पडलेलं काम पाहून त्यांना वाटलं असणार, की आता ही काही बांधत नाही. आत्या जोत्याच्या कडेला उभी होती.

बाया पारावर येऊन उभ्या होत्या. सगळ्यांचे चेहरे आत्याकडे. अशी शांतता फक्त कीर्तनकार बोलायला उभा राहिला की असते. बबनकाकांनी खांदे आधीच वर ओढून घेतले होते, मान खाली. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. ते तयारीत होते. त्या बाईने एकदा तोंड उघडलं असतं तर ते चार गोष्टी बोलून, थोडं हसून, मजुरांना घेऊन निघून गेले असते. खताच्या वेळी गेलेच होते. त्यांनी नुसतं चाचपून पाहिलं होतं.

आत्याने तोंड उघडलं. मी मोटरसायकल लावून धावत आलो होतो आणि वडिलांना फोन लावायचा म्हणून फोन माझ्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. तिचे ओठ आवळले गेले. तिने आवंढा गिळलेला मला लांबून दिसला.

"असू द्या, बबनभाऊ," ती म्हणाली.

बबनकाकांनी मान वर केली. त्यांना काही कळेना. ते आणखी थोडा वेळ थांबले, खरोखर थांबले, पुढचं येईल म्हणून. मग मजुराला म्हणाले, "मंग काय बघून राह्यला? वढ फुडली लाइन." मजुराने पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. बाया एकेक करून पारावरून उतरल्या.

मी पुढे झालो. मला ओरडायचं होतं. पण तोंडातून आलं ते असं, "काका, हे तुम्ही बरोबर करत नाही आहात."

"बराबर-गिराबर तिकडं कोर्टात सांग," काका म्हणाले. "तुहीच आत्या म्हणली ना, असू द्या. सगळ्यांनी आयकलं."

आत्या घराकडे निघाली होती. मी मोटरसायकल तिथेच सोडून तिच्या मागे गेलो. ती रडत असेल म्हणून मी जरा अंतर ठेवून चालत होतो. वळणावर ती थांबली, मागे वळली. रडत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत एक प्रकारचं समाधान होतं, परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखं.

"एक बी वंगाळ शब्द जाऊ दिला न्हाई म्या," ती म्हणाली. "लई आल्ता तोंडात. गिळला. तू घेतलं ना समदं फोनमधी? त्यांला पाठव. आता तरी चालू करतील ना रे?"

माझ्या हातातल्या फोनचा कॅमेरा मी चालूच केला नव्हता. मी तो खिशात घातला.

"करतील, आत्या," मी म्हणालो.